उन्हातल्या मिरच्या: घणसोलीतल्या एका घरगुती मसाल्याची इन्स्टाग्रामवरची गोष्ट

पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या घणसोलीत गाव वेगळं आणि सेक्टर वेगळे. १९७० साली नवं शहर वसवायला सिडको आली, भातशेती आणि मिठागरं गेली, आगरी-कोळ्यांची गावं गावठाणापुरती उरली आणि त्यांच्याभोवती इमारती उभ्या राहिल्या. गावात मात्र बऱ्याच घरांना अजून स्वतःची गच्ची आहे. मार्च लागला की तिथे चादरी पसरतात आणि त्यांवर लाल मिरची. पलीकडच्या सोसायट्यांमध्ये गच्चीच्या दाराला बहुधा कुलूप असतं. हे प्रकरण या दोन गच्च्यांमधल्या अंतराचं आहे. ते माझ्या लक्षात उशिरा आलं.

मी ठाण्यात राहते आणि छोट्या व्यवसायांची सोशल मीडियाची कामं करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये घणसोली गावातल्या एका सूनबाईंचा फोन आला. घरी साठीच्या सासूबाई, ज्यांना अख्खी आळी मावशी म्हणते. गेली वीसेक वर्षं त्या उन्हाळ्यात आगरी मसाला करून देतात. वाशीच्या मसाला मार्केटमधून माल आणायचा: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, थोडी काश्मिरी, शिवाय धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, मसाला वेलची, चक्रीफूल आणि हळकुंड. मिरचीला तीन-चार कडक उन्हं द्यायची, देठं खुडायची, खडा मसाला एकेक करून वेगळा भाजायचा आणि सगळं डंखावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, कांडून आणायचं. अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी होती, पाकिटावर नोंदणी क्रमांक होता. २०२३ च्या हंगामात १८० किलो गेला आणि जवळजवळ सगळा ओळखीत.

दोघींच्या परवानगीने लिहिते आहे. गाव खरं आहे, ओळख पटेल असे बाकीचे तपशील काढले आहेत.

अडचण

त्यांचं इन्स्टाग्राम खातं दोन वर्षं जुनं होतं, शंभरावर पोस्ट होत्या. मकरसंक्रांतीच्या शुभेच्छा, महिला दिनाच्या शुभेच्छा, मधूनच "अस्सल आगरी मसाला, आजच मागवा" असं तयार साच्यातलं पोस्टर. पोस्टरवरच्या मिरच्या कुठल्यातरी फोटोंच्या साठ्यातून घेतलेल्या, टवटवीत, हिरव्या देठांसकट. मसाल्यात वाळलेली मिरची जाते, ही साधी गोष्टही चित्रात चुकली होती. सबंध खातं चाळलं, पण त्यांच्या घरातला एकही फोटो सापडला नाही.

सूनबाईंची तक्रार वेगळी होती. "ताई, लोक भाव विचारतात आणि गप्प होतात." किलोला हजाराच्या आसपास भाव. दुकानातलं पाकीट निम्म्यात मिळतं. नवीन गिऱ्हाइकाला हा फरक कशाचा ते कळत नव्हतं आणि कळावं असं काही आपण त्याच्या डोळ्यांसमोर ठेवतही नव्हतो. ओळखीतल्यांना ते सांगावं लागत नव्हतं, कारण त्यांनी ती गच्ची पाहिलेली होती.

पर्याय

पहिला पर्याय मीच पुढे केला: मावशींची कहाणी. लहान वयात लग्न, शेत गेलं, मसाल्यावर मुलं शिकवली. कॅमेऱ्यासमोर बसून त्यांनी ते सांगायचं. असे व्हिडिओ चालतात, लोक डोळे पुसतात, शेअर करतात. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मना नाय आवरत त्या. माजा मसाला चांगला हाय त घ्या, माजी दया येते म्हनून नको." विषय तिथेच संपला. त्यांच्या नकाराने पुढचे तीन महिने कोणत्या वाटेने जाणार ते ठरलं.

दुसरा पर्याय एखाद्या खाद्य-इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन व्हिडिओ करून घेण्याचा. मे २०२१ पासून भारतातल्या जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक सूचना आहे, की अशा पोस्टवर ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं. त्याला आमची हरकत नव्हती. एका व्हिडिओचा खर्च मात्र हंगामाच्या नफ्यातला मोठा घास होता. तिसरा पर्याय पाककृतींचा: या मसाल्यातलं कालवण, सुकं, वांग्याची भाजी. तो थोडासा ठेवला.

चौथा पर्याय हंगामच क्रमाने दाखवण्याचा. पोतं घरी येतं तिथून बरणीला दादरा बांधला जातो तिथपर्यंत, जे ज्या दिवशी घडेल ते त्या दिवशी. यात पात्रं तीनच: गच्ची, मावशींचे हात आणि मिरची. पुढच्या आठवड्यात काय होणार याची उत्सुकता कामातच होती, वेगळी तयार करावी लागणार नव्हती. आम्ही हा धरला.

काय केलं

चित्रीकरण सूनबाईंच्या फोनवर. दुपारच्या उन्हात मिरचीचा लाल रंग कॅमेऱ्यात फुटतो, सगळा एकच डाग दिसतो. म्हणून सकाळी आठच्या आत, ऊन तिरपं असताना, मिरचीवर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश पक्का करायचा, मग प्रकाश थोडा कमी करायचा. एवढ्यानेच ब्याडगीच्या सालीवरच्या सुरकुत्या दिसायला लागल्या. प्रत्येक रीलची सुरुवात चालू कामाने केली: देठ तुटल्याचा आवाज, चादर झटकल्याचा आवाज. नाव, नमस्कार, पत्ता हे सगळं शेवटी. बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मोठ्या अक्षरात मराठी ओळी. बिझनेस खात्याला लोकप्रिय गाणी तशीही मोजकीच मिळतात. गाणं शोधण्यात वेळ न घालवता डंखाचा आवाज ठेवला.

एक रील फक्त हातांवर केली. दिवसभर देठं खुडल्यावर बोटांची आग होते. संध्याकाळी मावशी ओट्यावर बसून हातांना खोबरेल तेल चोळतात. नखांच्या कडांना लाल रेघ उरलेली असते. चाळीस सेकंद, एक शब्द नाही. खाली एका बाईंनी लिहिलं, "आमच्या आईचे हात असेच असायचे, आता गच्चीला कुलूप आहे." त्याखाली तसंच लिहिणाऱ्यांची रांग लागली. सेक्टरांत राहणाऱ्या माणसाला मसाल्याबरोबर काय हवं आहे, ते मला तेव्हा कळलं. मावशींची कहाणी न सांगता गिऱ्हाइकाला स्वतःची आठवली होती. पुढच्या सगळ्या पोस्ट आम्ही त्या कुलपापलीकडच्या माणसाला नजरेसमोर ठेवून केल्या.

सोबत एक फोटोमाला केली: कोणती मिरची कशासाठी. तेव्हा एका पोस्टमध्ये दहाच फोटो जात. आता वीस जातात. पांढऱ्या ताटलीत एकेक मिरची, खाली दोन ओळी. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, रंग गडद आणि तिखटपणा कमी. संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची, जिभेला झोंबणारी. ही माला पाहणारे कमी होते, पण जपून ठेवणारे खूप. आणि सेव्ह करणारीच माणसं पुढे व्हॉट्सॲपवर आली.

निर्णयाची पहिली जागा: रंग

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तयार मसाल्याची रील टाकली. परातीत मसाला, वरून चमच्याने उचलून सोडलेला. सूनबाईंनी संपादन करताना रंग उठावदार करणारा फिल्टर लावला. मी पाहिलं आणि जाऊ दिलं. तोवरची सर्वांत जास्त पाहिली गेलेली रील तीच ठरली.

दहा दिवसांनी ऐरोलीच्या एका ताईंचा फोटो आला. एका बाजूला फोनवर थांबवलेली आमची रील, दुसऱ्या बाजूला ताटलीत आमचाच मसाला. फोनवर लालभडक, ताटलीत तपकिरीकडे झुकणारा, जसा भाजलेल्या मसाल्याचा असतो तसा. "तोच आहे ना हा? की व्हिडिओतल्याला रंग घातला होता?"

मसाल्याच्या धंद्यात रंगाची शंका ही सगळ्यात वाईट शंका. आणि ती घ्यायला आम्हीच जागा दिली होती. पर्याय तीन होते: उत्तर देऊन विषय मिटवणं, रीलखाली खुलासा लिहून तो वर पिन करणं, किंवा रील काढणं. इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकल्यावर बदलता येत नाही. काढला की त्याची बघणाऱ्यांची संख्याही जाते. मी खुलाशावर भागवलं. दोन दिवसांत आणखी तिघींनी तेच विचारलं, कारण खुलासा कोणी वाचत नाही, चित्र सगळे पाहतात. मग रील लोकांना दिसणार नाही अशी संग्रहात टाकली आणि तोच मसाला खिडकीजवळच्या उजेडात, फिल्टरशिवाय, शेजारी पांढरा कागद ठेवून पुन्हा दाखवला.

एक व्हिडिओ पाण्याच्या परीक्षेचा केला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरी करण्यासाठी सुचवलेली ती परीक्षा आहे: पेल्यातल्या पाण्यावर मिरची पूड भुरभुरायची; पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असेल तर रंगाच्या रेघा खाली उतरतात. हळद मिसळायच्या आधीची नुसती मिरची पूड वापरली. तेलात विरघळणारे रंग या परीक्षेत कळत नाहीत, हेही त्याच व्हिडिओत लिहिलं. सूनबाईंना वाटत होतं, हे वाक्य नको, उगाच शंका वाढेल. माझं मत होतं की अर्धी परीक्षा पूर्ण म्हणून दाखवली तर आपण फिल्टरचीच चूक पुन्हा करतो. वाक्य राहिलं.

रंगावरूनच पाकिटाचाही निर्णय झाला. पारदर्शक पाकीट फोटोत छान दिसतं, मसाला थेट दिसतो. पण मिरचीचा रंग उजेडाने आणि हवेने उडतो. मावशींच्या घरी मसाला चिनी मातीच्या बरणीत, हिंगाचे खडे घालून, अंधारात राहतो. म्हणून अपारदर्शक पाकीट आणि आतला मसाला व्हिडिओत.

निर्णयाची दुसरी जागा: चेहरे

डंखावर शूट केलं तेव्हा मालकांना विचारलं होतं. रांगेत डबे घेऊन बसलेल्या बायकांना विचारलं नाही. रील टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी एका काकूंच्या मुलाचा फोन: "आईला न विचारता तिचा चेहरा कसा टाकला?" आवाज चढलेला होता आणि तो चढण्याला पूर्ण कारण होतं. तासाभरात रील काढली. संध्याकाळी सूनबाई आणि मी त्यांच्या घरी गेलो. काकू स्वतः रागावल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "डोक्याला फडका बांधलेला, घामाघूम. असं कोणी बघावं वाटतं का?"

ही चूक माझी होती. चौकट ठरवणारी मी. त्यानंतर नियम केला: चेहरा दिसत असेल तर क्लिप आधी त्या व्यक्तीला फोनवर दाखवायची, नंतर टाकायची. ज्यांना नको त्यांचे हात, डबे, पाय. गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात चौघी स्वतःहून साडी बदलून आल्या आणि "आता घे" म्हणाल्या.

निर्णयाची तिसरी जागा: १३ मे

सोमवार, १३ मे २०२४. गच्चीवर २५ किलो ब्याडगी तिसऱ्या उन्हात. दुपारी चारच्या सुमारास आभाळ मातकट झालं आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबईवर धुळीचं वादळ आलं. मावशी आणि सूनबाई वर धावल्या, चादरींची टोकं धरून मिरची गोळा करायला लागल्या. अर्धी झाकली गेली, अर्धी नाही. मग थेंबही आले.

गुळगुळीत मिरची एक वेळ पुसता येते. ब्याडगीची साल सुरकुतलेली, धूळ त्या सुरकुत्यांत बसते. रात्री मावशींनी एक मिरची ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासली. फडक्यावर तपकिरी रेघ उठली. झटकून पुन्हा ऊन द्यावं, की धुवावी? धुतली तर नीट वाळेपर्यंत बुरशीची भीती, आणि आभाळाचा भरवसा नाही. मावशींनी झाकलेली मिरची निवडून ठेवली, उघडी राहिलेली सगळी बाजूला काढली. तीन-साडेतीन हजारांचं नुकसान आणि आठवड्याचा उशीर.

धावपळीत फोन कठड्यावर चालूच राहिला होता. त्यात अकरा सेकंद मिळाले: उडणारी चादर, मावशींचा हात, मग नुसती धूळ. दृश्य म्हणून ते हंगामातलं सर्वांत ताकदीचं होतं. पण त्याच वादळात घाटकोपरला होर्डिंग पडून माणसं गेली होती, आणि प्रत्येकाच्या फोनवर तेच चालू होतं. त्या संध्याकाळी आपल्या मिरच्यांचा व्हिडिओ टाकणं मनाला पटेना. ताज्या प्रसंगावर लगेच टाकावं, तरच लोकांपर्यंत जातं, हे मीच एरवी सांगत असते. आम्ही थांबलो. ज्यांची ऑर्डर लांबणार होती त्यांना तेवढं व्हॉट्सॲपवर कळवलं.

गुरुवारी टाकला. वादळाची अकरा सेकंदं गाळली, फक्त फडक्यावरची रेघ ठेवली आणि ओळ: "ही मिरची मसाल्यात जाणार नाही. तुमचा मसाला आठवडाभर उशिरा येईल, क्षमा असावी." पाहणारे फार नव्हते. पण त्या खेपेची वाट पाहणाऱ्यांपैकी दोघांनीच ऑर्डर मागे घेतली.

निर्णयाची चौथी जागा: पुरवठा

एप्रिलअखेर मी एका रीलवर रोज २०० रुपयांची जाहिरात लावली होती आणि क्षेत्र म्हणून अख्खा महाराष्ट्र निवडला होता. नागपूर-सोलापूरहून विचारणा आल्या. अर्धा किलोच्या पाकिटावर कुरिअरचा खर्च सांगितला की संभाषण संपायचं. उत्तरं देण्यात सूनबाईंच्या संध्याकाळी गेल्या. आठ दिवसांनी क्षेत्र ठाणे ते बेलापूर एवढं केलं.

तरी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मागणी हाताबाहेर गेली. ओळखीतल्या एका गिरणीवाल्याने तयार आगरी मसाला द्यायची तयारी दाखवली. आपल्या पाकिटात भरायचा, इतकंच. हिशेब चोख होता. पण तीन महिने आपण गच्ची दाखवली होती, ते हात दाखवले होते. त्या चित्रांच्या जोरावर चक्कीत दळलेला दुसऱ्याचा मसाला विकला असता तर ती सगळी चित्रं खोटी ठरली असती. २४ मे रोजी बुकिंग बंद केलं. रिकाम्या गच्चीचा आणि घडी घातलेल्या चादरींचा फोटो टाकला, पुढच्या वर्षीची नावनोंदणी फेब्रुवारीत सुरू होईल एवढं लिहिलं.

निकाल

२०२४ मध्ये ४१० किलो गेला. प्रत्येक गिऱ्हाइकाला "कुठून कळलं?" विचारून सूनबाई वहीत लिहीत होत्या. इन्स्टाग्रामच्या आकड्यांपेक्षा त्या वहीने जास्त सांगितलं. सर्वांत जास्त पाहिली गेलेली डंखाच्या आवाजाची रील. वहीत तिचं नाव जेमतेम. मिरच्यांची फोटोमाला आणि हातांची रील पानापानावर. बरेच जण "मैत्रिणीने पाठवली" असं सांगत होते. भावावरून घासाघीस जवळजवळ थांबली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नावनोंदणी उघडली आणि मार्च संपण्याआधी भरली. म्हणून काम लवकर सुरू करता आलं. ते बरं झालं, कारण त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या दोन आठवडे आधी. शेवटची ३० किलो मिरची वाळवता आली नाही. त्या ऑर्डरींचे पैसे परत केले.

आज वेगळं काय करेन

फिल्टर पहिल्या दिवसापासून बंद. रंग विकणाऱ्या व्यवसायाला ही सुधारणा म्हणून नव्हे, अट म्हणून सांगेन. शंका आली त्याच दिवशी रील काढेन, बघणाऱ्यांच्या संख्येकडे पाहत बसणार नाही. चेहऱ्यांची परवानगी शूटच्या आधी. जाहिरातीचं क्षेत्र माल पोचवता येतो तेवढंच. किती किलो होणार हा आकडा मार्चमध्येच प्रोफाइलवर लिहेन, म्हणजे मेमध्ये कोणाला नाही म्हणावं लागणार नाही. आणि प्रत्येक पाकिटावर कांडपाची तारीख घालेन, म्हणजे गिऱ्हाइकाला आपलं पाकीट कोणत्या व्हिडिओतलं ते शोधता येईल. काहींनी ते स्वतःहून विचारलं होतं.

वादळाची अकरा सेकंदं गाळणं बरोबर होतं का, यावर आमचं अजून एकमत नाही. सूनबाईंना वाटतं, ती असती तर लोकांना नुकसान कळलं असतं. मला वाटतं, त्या आठवड्यात ते कोणी नीट पाहू शकलं नसतं. क्लिप त्यांच्या फोनमध्ये आहे.

सध्याचा प्रश्न वाळवणी यंत्राचा. मेचं ऊन आता धरून चालता येत नाही. मी विचारलं, यंत्र आणलं तर गच्चीचे जुने व्हिडिओ ठेवायचे का? मावशी देठं खुडता खुडता म्हणाल्या, "मशीन आनली त मशीन दाखवू. उन दाखवून मशीनचा मसाला नाय इकाचा." एका ओळखीच्यांच्या यंत्रात पाच किलो संकेश्वरी वाळवून पाहिली आहे. रंग थोडा जास्त टिकला, वास गच्चीवरच्यासारखा नाही असं मावशींचं म्हणणं. दोन्ही मिरच्या पांढऱ्या ताटलीत शेजारी ठेवून व्हिडिओ काढलाय, अजून टाकलेला नाही. मावशींना आधी दोन्हींचं कालवण करून बघायचंय.